आधार कोणाचा, कोणाला?

उत्तर नागपुरातल्या एका वस्तीत आमच्या संघटनेची एक छोटी खोली आहे. आठवड्यातून तीन दिवस संध्याकाळी मी तिथे बसते. रेशनकार्ड, पोटगी, मुलांचे दाखले, नवऱ्याची मारहाण, अशा सगळ्या कामांसाठी बायका येतात. दोन वर्षांपूर्वी अशाच एका संध्याकाळी चाळिशीची एक बाई आली. तिचे नाव इथे देत नाही. नवरा कामाला म्हणून सुरतेला गेला आणि तिथेच त्याने दुसरा संसार मांडला. त्याला सहा वर्षे झाली. ही तीन घरची धुणीभांडी करते. दोन मुले, अंथरुणाला खिळलेली सासू आणि दारू पिणारा दीर हिच्याकडेच. म्हणजे टाकून गेलेल्या नवऱ्याची आई टाकलेल्या बायकोने सांभाळायची!

संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज भरायचा होता. सोबतचा विनंतीअर्ज मी माझ्या हाताने लिहिला. असे अर्ज इतके लिहिले आहेत की हात आपोआप चालतो. 'मी परित्यक्ता असून मला कोणाचाही आधार नाही. मी निराधार आहे. तरी मेहेरबान साहेबांनी...' लिहून झाल्यावर सवयीप्रमाणे वाचून दाखवले आणि सहीसाठी कागद पुढे सरकवला.

तिने सही केली नाही. म्हणाली, "ताई, मी निराधार कशी? सासूचं हागणंमुतणं मी काढतो. पोरायले मी शिकोतो. देराची उतरली का त्यालेबी मीच वाढतो. चार जनं माह्या भरोशावर हायेत. मंग निराधार कोन?"

मी तिला समजावले की हा फक्त सरकारी शब्द आहे, त्याचे मनाला लावून घेऊ नये. ती कागद घेऊन घरी गेली. आठ दिवसांनी परत आली आणि सही केली. मुलीची दहावीची फी आणि शिकवणी डोक्यावर होती. सही करता करता तिने सांगितले ते मात्र माझ्या मनात रुतून बसले. "सरकारच्या कागदावर लिहा काय लिहाचं ते. पन तुमच्या वहीत तसं लिहू नोका."

आमच्या वहीत म्हणजे संघटनेच्या नोंदवहीत. ती उघडून पाहिली. रकाना होता : 'विधवा / परित्यक्ता / घटस्फोटित / निराधार'. तिच्या नावापुढे माझ्याच अक्षरात लिहिलेले होते, निराधार.

मैत्रिणींनो, त्या दिवसापासून मी 'आधार' या शब्दाचा विचार करते आहे. चार साधे विचार मांडते आहे. पटले नाहीत तर जरूर भांडा.

आधार म्हणजे ज्याच्यावर एखादी गोष्ट टेकते, उभी राहते ते. घराला भिंतीचा, वेलीला मांडवाचा. या अर्थाने पाहिले तर आपल्या घरांचा आधार कोण हे सांगायला पंडित नको. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचे रोजचे सरासरी २९९ मिनिटे बिनमोल घरकाम निघाले. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचे निघाले ९७ मिनिटे. पण भाषेत मात्र आधार पुरुषाकडे जातो. वर्तमानपत्रातल्या श्रद्धांजल्या वाचा. वडील गेले की 'कुटुंबाचा आधारवड कोसळला'. आई गेली की 'मायेची सावली हरपली'. वड त्याचा, सावली तिची! कमावणारा गेला तर 'घरातला कर्ता पुरुष गेला'. रोज पहाटे उठून पाणी भरणारी, चूल पेटवणारी काय करत होती मग? आणि 'मुलगा म्हणजे म्हातारपणची काठी' हे तर आपण पाळण्यापासून ऐकत आलो.

बाप, नवरा, मुलगा असे तीन रक्षक मनुस्मृतीने बाईला नेमून दिले. ते तिघे नसतील तर बाईचे काय, या प्रश्नाला आपल्या भाषेने एकच उत्तर दिले : ती अनाथ, ती निराधार. म्हणजे निराधार हे बाईच्या परिस्थितीचे वर्णन नाही. तिच्या शेजारी पुरुष नाही एवढेच तो शब्द सांगतो.

आपल्या सुधारकांचीही यातून सुटका झाली नाही. महर्षी कर्व्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी संस्था काढली तिचे नाव होते 'अनाथ बालिकाश्रम'. त्या मुलींपैकी कित्येकींना आईबाप होते, भाऊ होते. तरी त्या अनाथ, कारण नाथ गेला. कर्व्यांचे काम मोठे आहे, त्याला मी हात लावत नाही. पण नाव ठेवताना समाजाचाच शब्द त्यांनी उचलला हे खरे आहे. १९८० साली महाराष्ट्र सरकारने योजना आणली ती 'निराधार' नावाने. 'अनाथ'चा 'निराधार' व्हायला चौऱ्याऐंशी वर्षे लागली. मधला पुरुष जागचा हलला नाही.

आता हे निराधारपण सिद्ध कसे करायचे ते पाहा. २०२३ मध्ये सरकारने अनुदान दरमहा १,५०० रुपये केले. चांगले केले. पण कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा तेव्हाही वर्षाला २१,००० रुपयेच ठेवली. हिशेब करा. दिवसाला साधारण ५७ रुपये, आणि तेही सगळ्या घराचे. आमची ही बाई तीन घरची कामे करून महिन्याला साडेचार हजार कमावते. वर्षाचे ५४,००० झाले. म्हणजे ती नियमाने निराधार नाही! चार माणसांना पोसणारे तिचे कष्ट कागदावरून पुसल्याशिवाय तिला पंधराशे रुपये मिळायचे नाहीत. उत्पन्नाच्या त्या रकान्यात बायका काय लिहितात, हे वस्त्यांत काम करणाऱ्या आपल्यापैकी कोणाला वेगळे सांगायला नको. 'व्यवसाय : काही नाही.' हे खोटे तिने लिहिलेले नसते. व्यवस्था ते तिच्याकडून लिहून घेते. शिवाय दरवर्षी हयातीचा दाखला द्या. वस्तीतल्या बायका तर हसून म्हणतात, निराधार व्हायलाही आधार कार्ड लागते!

जुलै २०२४ पासून 'लाडकी बहीण' योजना आली. रक्कम तीच, १,५००. मात्र उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. निराधार योजनेचे पंधराशे घेणारीला हे पंधराशे मिळत नाहीत. म्हणजे पैसे तेवढेच, नाव तेवढे वेगळे. एक बाई बिचारी म्हणून घेते, दुसरी लाडकी म्हणून घेते. एकीवर दया, दुसरीवर भावाची माया. हक्कदार म्हणून घेणारी कोणीच नाही. घरातल्या भावाची माया किती दिवस टिकते आणि वडिलांच्या शेताच्या हिश्शाचा विषय निघाला की तिचे काय होते, हे आपण जाणतो. सरकार नावाच्या भावाचेही तेच समजावे.

कायद्याच्या भाषेतही हीच खोच आहे. पोटगीचे जुने कलम १२५, जे १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत कलम १४४ झाले, ते म्हणते की स्वतःचा निर्वाह करण्यास 'असमर्थ' असलेल्या पत्नीला पोटगी मिळेल. मग नवऱ्याचे वकील उठतात आणि विचारतात, "बाई, तुम्ही धुणीभांडी करता ना? मग असमर्थ कशा?" सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली चतुर्भुज विरुद्ध सीताबाई या खटल्यात स्पष्ट केले आहे की टाकून दिलेल्या बाईने जगण्यासाठी थोडेफार कमावले म्हणून तिचा पोटगीचा हक्क जात नाही, त्यासाठी तिने पार कफल्लक असण्याची गरज नाही. हा निकाल आपल्या प्रत्येक कार्यकर्तीला तोंडपाठ हवा. तरीही कोर्टाच्या पायरीवर बायका आपले कष्ट लपवताना मी पाहिल्या आहेत. कामाची लाज वाटावी अशी वेळ त्यांच्यावर कोणी आणली?

यावर सोपा उपाय म्हणून काही जण शब्दच बदलायला निघतात. एप्रिल २०२३ मध्ये 'विधवा' ऐवजी 'गंगा भागीरथी' म्हणावे असा प्रस्ताव राज्याच्या महिला व बालविकास मंत्र्यांनी पुढे केला. महाराष्ट्रभर बायकांनी तो हाणून पाडला आणि मंत्र्यांना निर्णय झालेला नाही असा खुलासा करावा लागला. बरेच झाले. एक जुनेच सोवळे नाव झटकून द्यायचे, आणि जमीन, घर, कर्ज यांचा प्रश्न तसाच ठेवायचा, असला तो प्रकार होता. आमच्या विदर्भात शेतकरी नवऱ्याने जीव दिल्यावर मागे राहिलेल्या बाईला विचारा. जमीन सासऱ्याच्या नावावर, कर्ज नवऱ्याच्या नावावर, आणि सावकार तिच्या दारात. तिला गंगा म्हणा की भागीरथी, सातबाऱ्यावर तिचे नाव नाही. चळवळीने रुजवलेला 'एकल महिला' हा शब्द त्या मानाने स्वच्छ आहे. त्यात दया नाही. पण चार माणसांचे घर ओढणारी बाई 'एकल' तरी कशी, हा प्रश्न माझ्या मनात राहतोच.

मग समाजाने निराधार ठरवलेल्या बायकांनी स्वतः काय केले? आमच्या नागपूरचीच उदाहरणे देते. कमलाताई होस्पेट लहान वयात विधवा झाल्या. त्यांनी परिचारिकेचे शिक्षण घेतले आणि १९२१ मध्ये वेणूताई नेने यांच्याबरोबर मातृसेवा संघ सुरू केला. बाळंतपणात घरच्या अंधाऱ्या खोलीत बायका मरत होत्या त्या काळात या शहरातल्या हजारो आयांना धीर मिळाला तो एका विधवेने उभारलेल्या संस्थेमुळे. गावाच्या भाषेत ती निराधार, आणि गाव तिच्या आधारावर!

दुसरे उदाहरण २० जुलै १९४२ चे. त्या दिवशी नागपुरात अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या. बाबासाहेबांनी त्या परिषदेत मुलींना सांगितले की लग्नानंतर नवऱ्याची मैत्रीण म्हणून बरोबरीने उभ्या राहा, दासी होऊ नका. पण त्याहून मला मोठे वाटते ते बायकांनी स्वतः काय मागितले ते. घटस्फोटाचा हक्क मागितला. अनेक बायका करण्याची चाल बंद करा म्हणाल्या. गिरण्यांत आणि विडीच्या कामात राबणाऱ्या बायकांसाठी सवलती मागितल्या. 'आम्ही अबला आहोत, आम्हांला आधार द्या' असा त्यांचा सूर नव्हता. त्या काळी त्यांच्याइतकी आधाराची गरज कोणाला होती? पण त्यांनी गरज ही हक्काच्या भाषेत मांडली.

इथे माझ्याच मनात आलेला एक गैरसमज दूर करते. एके काळी मला वाटे, 'निराधार'ला उत्तर म्हणजे 'स्वावलंबी'. बाईने कोणाच्या आधाराची अपेक्षाच करू नये. आपल्या शिबिरांत आपण हे गाण्यांतून, घोषणांतून सांगितले. आज मला ते अपुरे वाटते. आधार सगळ्यांनाच लागतो. नवऱ्याला डबा लागतो, धुतलेले कपडे लागतात, आजारपणात उशाशी कोणी लागते. तो जन्मभर बायकोवर टेकून असतो, पण त्याला कोणी परावलंबी म्हणत नाही. तिने एकदा हात पुढे केला की मात्र ती निराधार होते. आधार घेण्यात लाज नाही. माझी तक्रार एवढीच आहे की पुरुष घेतो त्याला संसार म्हणतात, बाई घेते त्याला उपकार म्हणतात. शिवाय 'स्वावलंबी व्हा' हे आता सरकारलाही फार आवडू लागले आहे. बचत गट काढा, कर्ज घ्या, पापड करा, आणि आमच्याकडे काही मागू नका. आमच्या त्या बाईपेक्षा स्वावलंबी कोण आहे? आणि तरीही तिला पंधराशे रुपये हवेत, पोटगी हवी, सासूला औषध हवे. हे सगळे तिचे हक्काचे आहे.

आता थोडे आपल्याकडे वळू. दोष केवळ सरकारचा नाही. मी समाजकार्याची पदवी घेतली ती आधार द्यायचे शास्त्र म्हणून. 'केस', 'लाभार्थी', 'पीडित' हे शब्द तिथून माझ्या तोंडी बसले. आधार देणारी मी खुर्चीवर, घेणारी समोरच्या बाकावर. संस्थांच्या अहवालांत आपण लिहितो, 'या वर्षी इतक्या महिलांना आधार दिला'. त्या बायकांनी आपल्याला काय दिले, याचा रकाना मी कुठल्याही अहवालात पाहिलेला नाही.

त्याच बाईच्या पोटगीच्या तारखेला मी कोर्टात गेले होते. फाइल नीट लावलेली, काय बोलायचे याची तयारी केलेली. बाहेर बाकावर बसल्या बसल्या तिला सूचना देत होते. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "ताई, तुमी काही सांगू नोका आता. फक्त माह्या बाजूनं बसा." समोर सुरतेहून आलेला नवरा आणि त्याचे दोन मित्र उभे होते. मी गप्प बसून राहिले. दोन तासांनी पुकारा झाला. ती उठली, आत गेली आणि आपले म्हणणे स्वतः मांडले. भांडी घासते हेही सांगितले. लपवले नाही.

त्या बाकावर मला आपला एक जुना शब्द आठवला, पाठराखीण. नवी नवरी पहिल्यांदा सासरी निघाली की तिच्याबरोबर माहेरची एखादी बाई जायची. आजी, मावशी, आत्या, नाहीतर धाकटी बहीण. चार दिवस राहायची, रात्री तिच्याशेजारी झोपायची, जेवली का ते पाहायची. तिच्या हातात सत्ता काहीच नव्हती. पण परक्या घरात मुलीच्या बाजूने एक माणूस असायचे. त्या प्रथेचे गोडवे मला गायचे नाहीत. ती पाठराखीण चार दिवसांनी मुलीला तिथेच ठेवून परतायची आणि निघताना 'सोस गं बाई' असेच सांगायची. तरीही हा शब्द मला जवळचा वाटतो. कारण आधार द्यायला वर उभे राहावे लागते, पाठ राखायला मात्र बरोबरीने चालावे लागते.

या शब्दाचे पुढे काय झाले पाहा. पुल्लिंगी 'पाठीराखा' झाला रक्षण करणारा भाऊ. आणि 'पाठराखण' आज आपण वर्तमानपत्रात कुठे वाचतो? 'पुढाऱ्याकडून आरोपीची पाठराखण', 'वरिष्ठांनी केली पाठराखण'. घाबरलेल्या मुलीसाठी असलेला शब्द गुन्हेगारांच्या कामी लागला. तो परत आपल्याकडे आणला पाहिजे. मात्र आपली पाठराखीण चार दिवसांनी परतणारी नको आणि 'सोस' म्हणणारी तर नकोच नको.

नावे चांगली देण्यात आपण कमी नाही. मुंबईत भाभा रुग्णालयात २००० साली 'दिलासा' केंद्र सुरू झाले. हिंसा सोसणारी बाई दवाखान्यात येते तिथेच तिला मदत मिळावी ही त्यामागची कल्पना मोलाची होती. नागपूर पोलिसांनी २०१७ मध्ये 'भरोसा सेल' सुरू केला. केंद्राच्या योजनेतून 'सखी' केंद्रे आली. दिलासा, भरोसा, सखी, सगळे शब्द मायेचे आहेत. पण रात्री दोन वाजता मार खाऊन आलेल्या बाईला तिथे कोण भेटते, तिला 'आधी घरी जाऊन समजुतीने घ्या' म्हणतात की तिच्या बाजूला बसतात, यावर त्या शब्दाचा अर्थ ठरतो. कोशावर ठरत नाही.

काही मैत्रिणी म्हणतील, शब्दांचा एवढा कीस कशाला? पोट शब्दांनी भरते का? नाही भरत. पण शब्दांनी अर्ज नामंजूर होतो, पोटगी कापली जाते, आणि आठ दिवस एक बाई सही न केलेला कागद घेऊन घरात बसते. म्हणून हा प्रश्न पोटाचाच आहे.

आमच्या संघटनेत यावर दोन बैठका झाल्या. वादही झाला. शेवटी ठरले ते असे. सरकारी अर्जात योजनेसाठी लागेल तो शब्द लिहायचा, कारण पैसा बाईच्या हक्काचा आहे आणि शब्दासाठी तो सोडायचा नाही. उत्पन्नाची मर्यादा वाढवा आणि योजनेच्या नावातून 'निराधार' काढा, ही मागणी मात्र लावून धरायची. आणि आमच्या वहीत तो रकाना खोडून तीन नवे रकाने पाडले आहेत : 'घर कोणाच्या कष्टावर चालते?', 'घरात कोणाकोणाला सांभाळता?' आणि 'तुमच्यासोबत कोण आहे?'

हे प्रश्न विचारायला लागल्यापासून बायका वेगळ्या बोलतात. पहिल्या प्रश्नाला थोडा वेळ थांबतात आणि मग म्हणतात, "माह्याच." दुसऱ्याला यादी सांगतात. तिसऱ्या प्रश्नाला मात्र पुष्कळ जणी गप्प होतात. तो रकाना भरणे हे आपले काम आहे.

तुमच्या वहीत कोणता रकाना आहे, तेवढे एकदा उघडून पाहा.